पाइपच्या तंबाखूची आवड अनुभवाने ‘परिपक्व’ होते का?

मंदविस्तव (चर्चाप्रस्ताव)

पाइप ओढणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे. नवखा माणूस व्हॅनिला किंवा चेरीचा वास दिलेल्या गोडसर कॅव्हेंडिश तंबाखूपासून सुरुवात करतो, पुढे त्याला धुरकट लाटाकिया तंबाखूचे वेड लागते, आणि शेवटी वरून कोणताही वास न चढवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूच्या फ्लेकवर, म्हणजे दाबून कापलेल्या पातळ चकत्यांवर, तो स्थिरावतो. या प्रवासाला सर्रास ‘चव परिपक्व होणे’ म्हणतात. माझे म्हणणे असे, की यात जिभेची परिपक्वता फार थोडी असते. बदलतो तो ओढणाऱ्याचा हात.

त्याचे कारण पानातच आहे. व्हर्जिनिया बंदिस्त कोठारात गरम हवेने काही दिवसांतच वाळवतात, त्यामुळे तिच्यातली साखर टिकून राहते. बर्ले ही दुसरी तंबाखू मात्र मोकळ्या हवेत कित्येक आठवडे सावकाश वाळते आणि त्या काळात तिची बहुतेक साखर संपून जाते. साखर भरपूर असलेले पान घाईने ओढले की विस्तव भडकतो, गरम वाफ थेट जिभेवर येते आणि जीभ पोळते. नवख्याचे झुरके भराभर पडतात, पाइप कधी दाबून तर कधी सैल भरलेला असतो, म्हणून त्याला व्हर्जिनियात चटक्याखेरीज काहीच सापडत नाही. दोन वर्षांनी तोच माणूस तीच फ्लेक थोडी सुकवून, जेमतेम जिवंत राहील अशा विस्तवावर ओढतो, आणि त्याला वाळल्या गवताचा वास व मधासारखा गोडवा जाणवतो. हा गोडवा पहिल्या दिवशीही त्या पानात होता. म्हणून गोड मिश्रणे ओढणाऱ्याला ‘अजून शिकाऊ’ समजण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अन्यायकारक वाटते.

लाटाकियाप्रेमी

आपल्या तर्कात एक मोठी अडचण आहे. चटका हेच कारण असते, तर नवख्यांनी गोड मिश्रणांपासूनही पळ काढला असता. त्या मिश्रणांत ओलावा टिकावा म्हणून बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल घातलेले असते. ती नीट सुकत नाहीत, वाफ जास्त करतात आणि जीभ चांगलीच पोळवतात. तरीही नवखे त्यांनाच धरून राहतात, कारण व्हॅनिलाचा वास त्यांच्या आधीपासून ओळखीचा असतो. लाटाकियाचे पान सुगंधी लाकडांच्या धुरावर धुरावलेले असते. तो वास बहुतेकांना प्रथम परका वाटतो आणि त्याची ओळख व्हावी लागते. सीरियातल्या ज्या बंदराचे नाव त्या पानाला मिळाले, तिथला माल आता जवळजवळ मिळत नाही आणि बाजारात येतो तो मुख्यतः सायप्रसचा. जुन्या ओढणाऱ्यांना या दोहोंतला फरक सांगता येत असे, आणि तो केवळ सावकाश ओढल्याने सांगता येत नाही.

पेरिक तंबाखूचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात हे पान ओकच्या पिंपांत दाबाखाली सुमारे वर्षभर आंबवतात. त्याचा मिरमिरणारा, आंबूस वास नाकावाटे धूर सोडायला शिकल्याशिवाय कळतच नाही. हे शिकणे म्हणजे लक्ष देण्याचा सराव आहे, आणि त्यालाच मी परिपक्वता म्हणतो.

मंदविस्तव

प्रॉपिलीन ग्लायकॉलचा मुद्दा मला मान्य आहे. चटक्यावर मी नको इतका भर दिला. मात्र नाकावाटे धूर सोडणे हेसुद्धा कसबच आहे. ते साधलेल्या माणसाने पुन्हा चेरीचे मिश्रण ओढले आणि त्याला ते आवडले, तर त्याची चव मागे गेली असे आपण म्हणाल का?

लाटाकियाप्रेमी

म्हणणार नाही. परंतु तसे करणारे मला फार थोडे भेटले आहेत, आणि ते थोडे का, याचे उत्तर आपल्या मांडणीत मिळत नाही.

जुनाडबा

आपण दोघेही पान स्थिर धरून बोलत आहात, आणि ते तसे नसते. बंद डब्यात व्हर्जिनिया वर्षानुवर्षे मुरत राहते, तिचा तिखटपणा कमी होतो आणि रंग गडद होतो. मुरलेला डबा उघडून ‘माझी चव बदलली’ म्हणणाऱ्याने त्याच मिश्रणाचा ताजा डबाही शेजारी ठेवून पाहावा. शिवाय लाटाकियाचा वास ब्रायर लाकडाच्या पाइपात इतका बसतो, की नंतर त्यात ओढलेली व्हर्जिनिया कितीतरी दिवस धुरकटच लागते.

निवांत

या चर्चेत एक साधी गोष्ट राहून गेली आहे. धूम्रपानाने वासाची जाणीव मंदावते, हे वैद्यकशास्त्र सांगते. मग सौम्य मिश्रणांकडून लाटाकियाकडे होणारा प्रवास ही समज वाढल्याची खूण कशावरून? बोथट झालेल्या नाकाला अधिक जोरकस वास लागू लागला, असेही ते असू शकेल. बावीस वर्षे पाइप ओढून मी स्वतःला जाणकार समजत होतो. तोंडात एक पांढरा चट्टा दिसल्यावर वैद्यांनी पाइप बंद करायला सांगितला आणि मी तो बंद केला.

मंदविस्तव

आपण लवकर बरे व्हावे, ही मनापासून इच्छा आहे. आपला मुद्दा गंभीर आहे, पण नाकच बोथट होत असेल, तर लाटाकियाच्या पुढे जाऊन माणसे नाजूक व्हर्जिनियाकडे का वळतात? आणि विचारणे योग्य असेल तर सांगावे, पाइप सुटल्यावर आपल्या आवडीचे काय झाले?

निवांत

आपल्या पहिल्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही; कदाचित तिथे आपला हाताचा मुद्दाच लागू पडत असेल. दुसऱ्याचे सांगतो. चार महिन्यांनी कपाट आवरताना दोन डबे उघडले. लाटाकियाचा डबा मला क्षणभरही नाकाजवळ धरवला नाही, आणि त्याच मिश्रणासाठी मी एके काळी बाकी सारे सोडले होते. दुसरा डबा साध्या व्हर्जिनियाचा होता. पाइप ओढत असताना ती मला फिकी वाटत असे. त्या दिवशी तिच्यात वाळल्या गवताचा वास इतका स्वच्छ आला, की मी तो डबा बराच वेळ हातात धरून बसलो आणि मग झाकण लावून एका मित्राला देऊन टाकला.