अंधाऱ्या कारखान्यातील चित्रीकरणासाठी टी1.2 ची मॅन्युअल सिने लेन्स घ्यावी का?

कृष्णाकाठ (सांगली)
मिरजेतील एका सतार कारागिरांच्या कामावर माहितीपट करीत आहे. त्यांचा कारखाना जुन्या घराच्या तळमजल्यावर असून एक खिडकी आणि एक दिवा यांवरच सारे काम चालते. जास्तीचे दिवे लावलेले त्यांना आवडत नाहीत. माझ्याकडे सोनी एफएक्स30 कॅमेरा आणि एफ4 ची झूम लेन्स आहे. शटर 1/50 ठेवल्यावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 पर्यंत न्यावा लागतो आणि सावल्यांत नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसतो. सिरुईची नाइटवॉकर 35 मिमी टी1.2 घ्यावी, असे मनात आहे. चित्रीकरण मी एकटाच करतो, तेव्हा हाताने फोकस करणे जमेल का?

साताऱ्याचा छायालेखक
आधी हिशेब मांडू. एफ4 च्या तुलनेत टी1.2 वर सेन्सरला सुमारे अकरा पट उजेड मिळतो, म्हणजे आयएसओ 600 च्या आसपास येईल. पण इतके खाली येण्याची तुम्हाला गरजच नाही. एफएक्स30 ला एस-लॉग3 (सोनीची, नंतर रंग सुधारण्यासाठीची चित्रणपद्धत) मध्ये 800 आणि 2500 असे दोन मूळ आयएसओ आहेत आणि तुमचे एक्स्पोजर 2500 ला टी2.5 वरच बसते. (एफ हा छिद्राच्या मापाचा आकडा आहे, तर टी हा काचेतून प्रत्यक्ष पलीकडे पोचणाऱ्या उजेडाचा; दोन्हींत आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. त्यामुळे थोडाफार फरक गृहीत धरावा.)

खरी अडचण फोकसची आहे. या सेन्सरवर 35 मिमीने दोन मीटरवरचा चेहरा टी1.2 ला टिपल्यास सुमारे 16 सेंमी खोलीचा भाग स्पष्ट येतो. अर्ध्या मीटरवर तो जेमतेम एक सेंमी उरतो. जवारी काढताना, म्हणजे सुरासाठी घोडी घासताना, कारागीर तारा पेलणाऱ्या या घोडीवर कानस पुढे-मागे फिरवतात, त्या हालचालीत बोटे दर फेरीला धूसर होतील. टी2.5 ला दोन सेंमी मिळतात, टी4 ला तीनाहून थोडे अधिक. म्हणून हातांची जवळची दृश्ये टी4 वर, खिडकीकडे बसवून घ्यावीत, टी1.2 संध्याकाळच्या चेहऱ्यांसाठी राखून ठेवावे. लेन्स घ्या, पण ती सदैव पूर्ण उघडी ठेवण्यासाठी नव्हे.

तिपाई (मिरज)
या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नसतात. कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालू देणारा पर्याय सुरू करावा आणि स्थिरीकरणासाठी 35 मिमी हा आकडा स्वतः भरावा. तो चुकीचा राहिला, तर चौकट डुलते. फोकसची कडी बरीच फिरवावी लागत असल्याने मनगटाच्या एका वळणात टोकापासून टोकापर्यंत जाता येत नाही. कडीवर 0.8 मापाचे दाते असतात, त्यांना साधा फॉलो फोकस (कडी फिरवणारे बाजूचे चाक) जोडावा. एकट्या माणसाने कॅमेरा तिपाईवरच ठेवावा हे बरे. फोकस पीकिंग (स्पष्ट भागाच्या कडा पडद्यावर रंगवून दाखवणारी सोय) तर हवेच.

कृष्णाकाठ
आभारी आहे. कृष्णेच्या घाटावर दुपारची काही दृश्येही आहेत. तिथे हीच लेन्स चालेल का?

साताऱ्याचा छायालेखक
चालेल, पण एनडी फिल्टरशिवाय (उजेड कमी करणाऱ्या करड्या काचेशिवाय) नाही, कारण एफएक्स30 मध्ये अंगचा एनडी नाही. भर उन्हात आयएसओ 800 आणि 1/50 ला एफ64 एवढे छिद्र लागेल. सात स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी128, फिल्टर लावल्यावर टी5.6 मिळते. दोन ते पाच स्टॉपचा व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करायचा) एनडी टी5.6 साठी तिथे अपुरा पडेल. फिल्टर घेण्यापूर्वी लेन्सच्या पुढच्या आट्यांचे माप पाहून घ्या.