गुडघ्याखालील रक्तवाहिन्या बंद आहेत: पाय काढण्यापूर्वी अँजिओप्लास्टीचा विचार करावा का?

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

आमचे आप्पा 67 वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. उसाच्या फडात उजव्या पायाच्या बोटाला झालेली जखम भरली नाही आणि आता ते बोट कोरडे, काळे पडले आहे. ताप किंवा पू नाही, पण रात्री पाय खाटेवरून खाली सोडल्याशिवाय कळ थांबत नाही. एका रुग्णालयात डॉप्लर तपासणी झाली, गुडघ्याखाली रक्तप्रवाह फार कमी असल्याचे सांगण्यात आले आणि गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला मिळाला. ओळखीच्या एका डॉक्टरांनी आधी अँजिओप्लास्टीचा, म्हणजे नळीतून फुगा घालून रक्तवाहिनी रुंद करण्याचा, विचार करावा असे सुचवले आहे. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनीन 1.9, म्हणजे वाढलेले, असल्यामुळे अँजिओग्राफीत रक्तवाहिन्यांचे चित्र दिसण्यासाठी देतात त्या औषधाची आम्हांला भीती वाटते. शिवाय माझ्या वाचनात दोन मोठे अभ्यास आले. एक म्हणतो बायपास (शीर जोडून रक्ताला नवी वाट देणारी शस्त्रक्रिया) चांगला आणि दुसरा म्हणतो फुगा चांगला. यांतले नेमके काय खरे मानावे?

मलप्रभा (इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे नळी घालून रक्तवाहिन्यांवर उपचार करणारा डॉक्टर, बेळगाव)

आप्पांना प्रत्यक्ष न तपासता मी निर्णय देऊ शकत नाही. मात्र एक गोष्ट ठामपणे सांगतो. बोट कोरडे आहे, ताप नाही आणि पू नाही, अशा स्थितीत रक्तवाहिन्यांचा संपूर्ण नकाशा पाहिल्याशिवाय गुडघ्याखालून पाय काढण्यास संमती देऊ नका. याउलट पायाला सूज चढली, दुर्गंधी सुटली, ताप आला किंवा लाली वर सरकू लागली, तर एक दिवसही थांबू नका. तेव्हा पू काढून टाकणे हे पहिले काम असते आणि रक्तप्रवाहाचे काम लगेच त्यामागोमाग करावे लागते.

मधुमेही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते. त्यामुळे घोट्याजवळ पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब खोटा, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो आणि ‘रक्तप्रवाह ठीक आहे’ असा गैरसमज होतो. म्हणून पायाच्या अंगठ्यातील रक्तदाब मोजून घ्या. तो पाऱ्याच्या 30 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रक्तपुरवठा वाढवल्याशिवाय जखम भरण्याची शक्यता फार थोडी असते. जखमेची खोली, रक्ताची कमतरता आणि जंतुसंसर्ग या तिन्ही गोष्टींना वेगवेगळी श्रेणी देण्याची ‘वायफाय’ (WIfI) ही पद्धत 2014 पासून वापरात आहे. आप्पांची श्रेणी काय आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

आता आपण वाचलेल्या अभ्यासांविषयी. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बेस्ट-सीएलआय’ अभ्यासात 1830 रुग्ण होते. ज्यांच्या पायातील लांब शीर बायपाससाठी चांगली होती, त्यांच्यात पायाशी संबंधित गंभीर घटना किंवा मृत्यू यांचे प्रमाण बायपासनंतर 42.6 टक्के, तर फुगा किंवा स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) यांच्या उपचारानंतर 57.4 टक्के होते. चांगली शीर नसलेल्या गटात मात्र ठळक फरक दिसला नाही. 2023 च्या ‘बेसिल-2’ मध्ये 345 रुग्ण होते आणि त्या सर्वांना गुडघ्याखालील रक्तवाहिन्यांवर उपचार आवश्यक होते. तिथे मोठे अंगच्छेदन किंवा मृत्यू यांचे प्रमाण बायपासच्या गटात 63 टक्के आणि फुग्याच्या गटात 53 टक्के आढळले. दोन्ही अभ्यासांतील रुग्ण सारखे नव्हते, म्हणून एकाने दुसऱ्याला खोडून काढले असे मी मानत नाही. आप्पांचा आजार गुडघ्याखाली आहे आणि मूत्रपिंड कमजोर आहे, म्हणून माझा कल आधी अँजिओप्लास्टीकडे राहील. तरीही शिरेची सोनोग्राफी करून बायपासची वाट खुली आहे का, हे त्याच वेळी पाहून ठेवावे आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांचेही मत घ्यावे.

फुग्याने उघडलेली गुडघ्याखालची रक्तवाहिनी पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा अरुंद होते, हे आपल्याला आधीच माहीत असलेले बरे. असे असूनही हा उपचार उपयोगी का ठरतो? जखम भरून येण्यासाठी त्वचेला जितके रक्त लागते, त्यापेक्षा कितीतरी कमी रक्त भरलेली त्वचा टिकवण्यासाठी पुरते. शेताला लावणीच्या वेळी लागणारे पाणी आणि नंतर ओल टिकवण्यापुरते पाणी यांत जसा फरक असतो, तसाच हा आहे. त्यामुळे मधल्या काळात जखम पूर्ण भरली, तर रक्तवाहिनी पुढे अरुंद होऊनही पाय बहुतेक वेळा टिकतो. काळे बोट काढावे लागेलच, पण ते रक्तप्रवाह सुधारल्यानंतर काढावे, म्हणजे ती जखम भरेल.

नळी घालून रक्तवाहिन्या उघडण्याच्या या क्षेत्राचा आरंभच असल्या पायापासून झाला आहे. 16 जानेवारी 1964 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या 82 वर्षांच्या वृद्धेची अरुंद रक्तवाहिनी त्वचेतून नळी घालून रुंद केली आणि तिचा पाय वाचला.

चिकोडीकर

खर्चाविषयी थोडे लिहितो, कारण आपल्या भागात बरीच कुटुंबे याच ठिकाणी अडतात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे; इतर कुटुंबांना ठरलेल्या दराच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळतात. बहुतेक मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते, म्हणून थेट खासगी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी ते हातात घ्या. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील 865 गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आहे. आपले गाव त्या यादीत असल्यास कोल्हापूर किंवा मिरजेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून हा उपचार पॅकेजमध्ये बसतो का, हे लेखी विचारावे. दोन्ही राज्यांची कागदपत्रे एकाच पिशवीत ठेवली तर धावपळ कमी होते.

माझाही एक प्रश्न आहे. माझा मेहुणा 38 वर्षांचा आहे, त्याला मधुमेह नाही, पण तो दिवसभर बिडी ओढतो आणि त्याच्याही पायाच्या बोटाला जखम आहे. त्यालाही अँजिओप्लास्टीच लागेल का?

मलप्रभा

तरुण वय, तंबाखू आणि बोटांकडच्या लहान रक्तवाहिन्या, हे चित्र बर्जर रोगाकडे बोट दाखवते, जरी तपासणीशिवाय ते नक्की म्हणता येणार नाही. त्यात पावलातील बारीक वाहिन्याच बंद होत असल्यामुळे बायपास जोडायला पुढे जागा सापडत नाही आणि अँजिओप्लास्टीलाही मर्यादा पडतात. तंबाखू कायमचा आणि पूर्णपणे बंद करणे हाच त्यावरील मुख्य उपचार आहे. मशेरी आणि जर्दासुद्धा त्यातच आले. निपाणी परिसरात तंबाखूवर शेकडो घरे चालतात, हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्या मेहुण्याला कुटुंबाने हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे.

वेदगंगाकाठ

मनःपूर्वक आभार. मूत्रपिंडाच्या भीतीचे तेवढे सांगावे.

मलप्रभा

भीती रास्त आहे, पण त्यावर मार्ग आहे. सीटी अँजिओग्राफीसाठी एकदा आणि उपचाराच्या वेळी पुन्हा असे आयोडीनयुक्त औषध दोनदा देणे टाळावे. डॉप्लरच्या आधारे थेट अँजिओग्राफी करून त्याच बैठकीत उपचार करता येतो. कॅल्शियममुळे गुडघ्याखाली सीटीची चित्रे तशीही अस्पष्ट येतात. जिथे सोय आहे तिथे पायाच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. त्याने मूत्रपिंडावर आयोडीनसारखा ताण येत नाही. पावलाजवळ चित्र फिके पडले तर तेवढ्यापुरते थोडे आयोडीन द्यावे लागते. आप्पा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर ती गोळी केव्हा थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे दाखल होण्याआधीच विचारून घ्या, आणि शेवटच्या तीन महिन्यांचे क्रिएटिनीनचे सगळे अहवाल सोबत न्या.