गिरणीच्या पाटीवरचा ‘ल’

*१०४ ताई:* सोसायटीच्या पोरांना घेऊन रविवारी ठाण्यात काढलेल्या पायी फेरीचे फोटो ड्राइव्हवर टाकलेत. नौपाडा ते तलावपाळी, पुढे जांभळी नाका. पोरांनी गटाराच्या झाकणांवर कागद ठेवून, मेणखडू आडवा धरून घेतलेले ठसेसुद्धा आहेत. आता यातून नकाशा करायचा. एक ए-फोर कागद, मधे एकच काप, घड्या घातल्या की आठ पानी पुस्तिका.

*४०१ आजोबा:* त्यात १६ एप्रिल १८५३ ची पहिली रेल्वे हवी. आणि मराठी ग्रंथसंग्रहालय, स्थापना १८९३.

*१०४ ताई:* आजोबा, रेल्वे प्रत्येक पोस्टरवर असतेच. आपण चालताना पाहिलं तेवढंच घेऊया ना. ग्रंथसंग्रहालयाच्या पाटीचा फोटो आणलात तर एक पान तुमचं.

*२०३ काका:* पंप बंद आहे का? नळाला थेंब नाही.

*सेक्रेटरी:* १० मिनिटांत चालू होतोय.

*३०२ काकू:* फोटो क्र. १४ आणि १५ शेजारी ठेवून बघा. १४ म्हणजे गिरणीची हाताने रंगवलेली पाटी, ‘शेवया व मसाला करून मिळेल’. तिच्यातला ‘ल’ पाकळीचा आहे, दोन पाकळ्या आणि मधून वर गेलेला देठ. १५ मधे शेजारच्या दुकानाचा नवा फ्लेक्स, त्यातला ‘ल’ उजवीकडे दंड असलेला, हिंदीतला. ‘श’ चंही तेच. इथे टाईप करून फरक दिसणार नाही, मोबाईल त्याला वाटेल तो ‘ल’ दाखवतो. तीस वर्षं बालवर्गाला पाकळीचाच गिरवायला दिला, म्हणून डोळ्यांत खुपलं. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी गिरणीच्या पाटीसारखेच ‘ल’ आणि ‘श’ सांगितलेत.

*१०४ ताई:* काकू, नकाशाचा विषयच मिळाला! कॉम्प्युटरला दोन्ही ‘ल’ एकच अक्षर, कोड एक. बऱ्याच चांगल्या फॉन्टमधे दोन्ही रूपं असतात, फक्त मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी लागते. फ्लेक्सवाला निवडत नाही, मग हिंदीतलं रूप छापून येतं.

*२०३ काका:* त्याला तरी कुठे वेळ होता? २०२२ ला दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला, देवनागरी अक्षर बाकीच्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही. मग सगळ्यांनी घाईघाईत फ्लेक्स लटकवले. (पाणी आलं.)

*५०२ दादा:* मग नकाशावर दोन रंग. पाकळीला लाल ठिपका, दंडाला निळा. राम मारुती रोड निळाशार होणार 😄

*३०२ काकू:* गिरणीवाल्यांना विचारलं मी. पाटी त्यांच्या वडिलांनी रंगवून घेतली होती. दिवाळीला काढणार म्हणतात, एलईडी लावायचाय. तोवर तिचा नीट सरळ फोटो घ्या कोणीतरी, माझ्या फोटोत ट्यूबलाईट आलीय.

*५०२ दादा:* उद्या सकाळी जातो. दळणही न्यायचंच आहे.

*४०१ आजोबा:* आपल्या गेटवरच्या पाटीतला ‘ल’ बघितला का कोणी?

*१०४ ताई:* 🙈 निळा.

*२०३ काका:* ती पाटी कोणी करून घेतली?

*सेक्रेटरी:* मीच. लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभालीचे) पैसे भरून झाले की पेंटरचं बघू. रविवारी १० वाजता क्लब हाऊस उघडून ठेवतो, कात्र्या आपापल्या आणा.