निमंत्रणानेच प्रवेश मिळणारा लघुउद्योजकांचा गट: सदस्य कसे निवडावेत?

उद्यमबाग_जॉबवर्क

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझे दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे मशीन) असलेले छोटे वर्कशॉप आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही अकरा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट सुरू केला. त्यात ओतकामाचे पॅटर्न (नमुने) बनवणारे होते, फाउंड्रीवाले होते, वडगावचे एक मागवाले, खानापूरचे एक काजूवाले आणि घरूनच सॉफ्टवेअरची कामे करणारी दोन मुले होती. आतल्या कोणाच्या तरी ओळखीचा असेल त्यालाच घ्यायचे, एवढाच नियम होता. आज आम्ही ७४ जण आहोत.

गेल्या महिन्यात एका सदस्याने टॉलरन्सबद्दल (मापात किती फरक चालतो याबद्दल) शंका विचारताना ड्रॉइंगचा फोटो गटात टाकला. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत त्याच्या ग्राहकाचे नाव आणि पार्ट नंबर स्पष्ट वाचता येत होता. दोनच दिवसांत तो फोटो बाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये पोहोचला आणि त्यांनी त्याच ग्राहकाला कमी दराचे कोटेशन पाठवले. फोटो कोणी पुढे पाठवला, हे अजून कळलेले नाही. तेव्हापासून गटात कामाचा प्रश्न कोणी विचारत नाही, फक्त सणावारांच्या शुभेच्छा येतात. हा गट मला मोडू द्यायचा नाही. नवीन माणूस घेताना काय पाहावे, आणि त्याची जबाबदारी कोणावर टाकावी?

निपाणीकर_ताई

दादा, आमच्याकडेही असेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहिते. ‘ओळखीचा आहे’ या शब्दांवर माणूस घेतला की काही दिवसांनी साडू, मेहुणे आणि विमा विकणारे शेजारी आत येतात. ती माणसे वाईट नसतात, पण त्यांना विचारण्यासारखा कामाचा प्रश्नच नसतो. आता आमच्याकडे निमंत्रण देणाऱ्याला चार ओळी लिहून द्याव्या लागतात: हा माणूस स्वतःच्या हाताने काय बनवतो, त्याचे काम मी कुठे पाहिले आणि सध्या तो कशात अडला आहे. शिवाय वेगळ्या व्यवसायातल्या आणखी एका सदस्याने होकार द्यावा लागतो, कारण त्याच व्यवसायातला माणूस एक तर स्पर्धक म्हणून अडवतो किंवा मित्र म्हणून डोळे झाकून पुढे सरकवतो.

कोणी कोणाला आणले, याची वही मी स्वतः ठेवते. आणलेल्या माणसाने गटातली गोष्ट बाहेर नेली, तर तो जातोच आणि त्याला आणणाऱ्यालाही वर्षभर कोणाला निमंत्रण देता येत नाही. हा नियम लागू झाल्यावर निमंत्रणे निम्म्याहून कमी झाली, आणि मला ते योग्य वाटते.

एवढी काळजी कशासाठी, तेही सांगते. आमच्या एका सदस्याने घरचा माल महाराष्ट्रातल्या कागलच्या दुकानात द्यायचे ठरवले. वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, म्हणून जीएसटी नोंदणी लागणार नाही, असे तो धरून चालला होता. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंसारखे अपवाद सोडले, तर करपात्र माल राज्याबाहेर विकताना उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावी लागते, हे त्याला गटातल्याच एका हिशेबनिसाने वेळेवर सांगितले. निपाणी कर्नाटकात असली तरी इथल्या माणसाला कागल परराज्य वाटतच नाही, म्हणून ही चूक आपल्याकडे फार सहज होते. असा प्रश्न विचारताना माणूस आपली उलाढाल उघडी करतो, आणि ती कुठे जाणार नाही याची खात्री असल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.

अथणी_चर्मकाम

ताईंचे म्हणणे पटते, एक भर घालतो. निमंत्रणाच्या साखळीत माणूस आपल्याच गल्लीतला आणि आपल्याच भाषेचा माणूस आणतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी, आणि त्यात बेळगाव आहे. तरीही आमच्या गटात बराच काळ एकही कन्नड बोलणारा कारागीर नव्हता. आता प्रश्न कोणत्याही भाषेत विचारला तरी चालतो, आणि सीमाप्रश्नावरची चर्चा गटाबाहेर करायची, असे ठरले आहे. कातडे कमावण्यातले बारकावे मला कन्नडमधल्या व्हॉइस मेसेजवरूनच शिकायला मिळाले.

घरून_कोडिंग

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाची लिंक फिरत असेल, तर ती आजच रीसेट करा आणि प्रवेशासाठी अ‍ॅडमिनची मंजुरी आवश्यक ठेवा. तिथे प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, हेही विसरू नका. पुढे जायचे असेल तर डिस्कोर्स हे ऑनलाइन चर्चामंच चालवण्याचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पाहा. त्यात निमंत्रणाशिवाय प्रवेश बंद ठेवता येतो, कोणी कोणाला बोलावले याची नोंद राहते, आणि सदस्याचा सहभाग वाढेल तसे त्याचे अधिकार ० ते ३ अशा पायऱ्यांनी वाढतात; ४ ही पायरी मात्र मंच चालवणारे स्वतः देतात. सर्व्हरचा खर्च आणि देखभाल मात्र कोणाला तरी अंगावर घ्यावी लागेल. फोटोचा पुढे पाठवला जाण्याचा धोका कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण टळत नाही, त्यामुळे ग्राहकाचे नाव झाकल्याशिवाय ड्रॉइंग टाकायचे नाही, हा नियम हवाच.

उद्यमबाग_जॉबवर्क

सर्वांचे मनापासून आभार. लिंक आत्ताच रीसेट केली. ७४ पैकी ६१ जणांना कोणी आणले ते आठवून वहीत लिहिले. उरलेल्या तेरा जणांना रविवारी एकेक करून फोन करणार आहे. ज्याचे ड्रॉइंग बाहेर गेले, त्याच्या वर्कशॉपमध्ये मात्र आज संध्याकाळीच जाऊन येतो.