पावसाचं ३०–६० दिवसांचं आवर्तन आणि एल निन्यो: परस्परसंबंध मोजायचा कसा? मदत हवी आहे

नमस्कार. इथे हवामानशास्त्र, संख्याशास्त्र किंवा सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करणारे कुणी असतील तर त्यांचा सल्ला हवा आहे. प्रश्न जरा लांबलचक आहे.

मोसमी पावसात जोर आणि खंड आलटून पालटून येतात. त्यातलं ठळक आवर्तन ३० ते ६० दिवसांचं. हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी १९८० साली उपग्रहचित्रांवरून दाखवलं होतं की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टा पुन्हा पुन्हा उत्तरेकडे सरकत येतो, ते हेच. दुसरीकडे एल निन्यो (विषुववृत्ताजवळच्या प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) आहे, दर २ ते ७ वर्षांनी डोकं वर काढणारा. तो हंगामाची फक्त सरासरी खाली ओढतो, की ३०–६० दिवसांच्या आवर्तनाची ताकदसुद्धा बदलतो? मला हे आकड्यात मोजायचं आहे.

याचं महत्त्व शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. २००२ साली हंगामाची तूट सुमारे १९ टक्के होती, पण एकट्या जुलैत पाऊस जवळपास निम्म्यावर आला. १९९७ चा एल निन्यो शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, तरी देशाचा पाऊस सरासरीला पोचला. पेरणीनंतर पावसाने लांबलचक ओढ दिली तर सरासरी भरूनही दुबार पेरणी टळत नाही.

पद्धत झेक शास्त्रज्ञ मिलान पालुश यांच्या २०१४ च्या कामावरून घेतली आहे. त्यांनी युरोपातल्या तापमानाच्या शतकभराच्या दैनिक नोंदी वेव्हलेटने (वेगवेगळ्या लांबीची आवर्तनं सुटी करणारं गणिती तंत्र) वेगवेगळ्या कालावधींत विभागल्या, आणि संथ आवर्तनाच्या फेजवरून (ते चक्रात कुठे पोचलं आहे त्यावरून) जलद आवर्तनाच्या पुढच्या ॲम्प्लिट्यूडबद्दल (चढउताराच्या उंचीबद्दल) किती जादा माहिती मिळते ते मोजलं. ‘जादा’ म्हणजे जलद आवर्तनाच्या स्वतःच्या आत्ताच्या स्थितीतून कळतं ते वगळून. ६ ते ११ वर्षांच्या आवर्तनांचा प्रभाव काही महिने ते ४–५ वर्षांच्या चढउतारांवर पडताना त्यांना दिसला. मी हेच भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या दैनिक पर्जन्य ग्रिडवर (देशावर चौकटी आखून दिलेली पावसाची आकडेवारी) करते आहे: मध्य भारताची सरासरी, आणि संथ बाजूला निन्यो ३.४ निर्देशांक (प्रशांत महासागराच्या पृष्ठतापमानावरून एल निन्यो मोजणारा).

अडचण अशी की तापमान वर्षभर असतं, पाऊस चार महिने. जूनमध्ये पाऊस एकदम चढतो, त्यामुळे वार्षिक चक्राचा आकार गुळगुळीत राहत नाही आणि त्याचे हार्मोनिक्स (वर्षाचे समान भाग करणारी छोटी आवर्तनं) थेट माझ्या ३०–६० दिवसांच्या पट्ट्यात पडतात: सहावा सुमारे ६१ दिवसांवर, बारावा ३० वर. दैनिक सरासरी वजा केली तरी आगमनाची तारीख दरवर्षी मागेपुढे होत असल्याने काही भाग उरतोच. मग जे ‘आवर्तन’ हाती लागतं त्यातलं खरं किती?

त्याहून मोठी शंका दुसरीच आहे. पाऊस शून्याखाली जात नाही, म्हणून सरासरी कमी झाली की चढउतार आपोआप आक्रसतात. एल निन्योने फक्त सरासरी घटवली असली तरी माझं माप ‘ॲम्प्लिट्यूडवर परिणाम झाला’ असंच सांगेल. वर्गमूळ किंवा लॉग घेऊन हे सुटतं का? की पाऊस सोडून पृथ्वीवरून बाहेर जाणाऱ्या दीर्घलहरी प्रारणाची (दाट ढग असले की ते कमी होतं) आकडेवारी घ्यावी? ती १९७४ पासूनचीच आहे, मध्ये १९७८ मध्ये खंड आहे, आणि एवढ्यात एल निन्योची आवर्तनं मोजकीच मिळतात.

तिसरं, सार्थकता तपासणं, म्हणजे निकाल निव्वळ योगायोगाचा नाही ना हे पाहणं. फूरिये फेज विस्कटून (आवर्तनांची ताकद तशीच ठेवून त्यांच्या वेळा मागेपुढे करून) केलेल्या कृत्रिम मालिकांत मोसमाची चौकटच मोडते, पाऊस वर्षभर पसरतो. त्यांच्याशी तुलना केली तर काहीही सार्थ ठरू शकेल. मला सुचलेला मार्ग असा: प्रत्येक वर्षाचा पाऊस अखंड ठेवायचा आणि वर्षांचा क्रम फक्त निन्यो निर्देशांकाच्या तुलनेत पिसायचा. मोसम टिकतो, नातं तुटतं. पण पिसल्याने पावसातली दशकी चाल जाते, म्हणून सलग काही वर्षांचे गट पिसावेत का? गट केवढे? दिवस ४०,००० च्या वर असले तरी एल निन्योची आवर्तनं ३० च्या आसपासच भरतात, त्यामुळे ही निवड निकाल बदलू शकते.

प्रत्यक्ष दैनिक पावसावर अशी चाचणी केलेल्या कुणी गटाची लांबी कशी ठरवली ते सांगितलं तर फार मदत होईल. कोड पायथॉनमध्ये आहे, कुणाला पाहायचा असेल तर इथे देते.