‘विभव’ की ‘विभव ऊर्जा’?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं भाषांतर तपासते आहे. त्यात ‘विद्युत विभव’ आणि ‘विभव ऊर्जा’ आलटूनपालटून वापरलेत. दोन्ही एकच का? आणि प्रभार (विद्युतभार) हलायला लागला की त्याचा विभव बदलतो, हे वाक्य बरोबर आहे का?

प्रतिसाद : एकच नाहीत. दुसऱ्यासाठी ‘स्थितिज ऊर्जा’ हा रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. विभव हा दर, तर ऊर्जा हे बिल. एक व्होल्ट म्हणजे दर कूलंबमागे (प्रभाराचं एकक) एक ज्यूल (ऊर्जेचं एकक). म्हणून ‘प्रभाराचा विभव बदलतो’ असं लिहू नका. विभव त्या जागेचा असतो. प्रभार एका जागेहून दुसरीकडे गेला की बदलते ती त्याची स्थितिज ऊर्जा : प्रभार गुणिले विभवांतर (दोन जागांच्या विभवांतला फरक).

शाळेतल्या व्हॅन डी ग्राफ यंत्राचा (प्रभार साठवून दाखवणारं यंत्र) गोळा लाख व्होल्टपर्यंत चढतो, पण त्यावरचा प्रभार एखादा मायक्रोकूलंब असला तर साठलेली ऊर्जा 0.05 ज्यूल (गुणाकाराच्या निम्मी, कारण प्रभार साठत जातो तसा विभव शून्यापासून चढत जातो). गाडीची बॅटरी जेमतेम 12 व्होल्टची, पण 40 अँपिअर-तासांची असेल तर सुमारे 17 लाख ज्यूल देते. दोन शब्द एक मानले तर हा फरक मांडणार कसा?

प्रश्नकर्ती : मग ‘इलेक्ट्रॉन जास्त विभवाकडे जातो आणि त्याची ऊर्जा घटते’ ही छपाईची चूक नाही तर!

प्रतिसाद : नाही, फक्त ‘स्थितिज’ राहून गेलंय. इलेक्ट्रॉनचा प्रभार ऋण, त्यामुळे विभव वाढला की त्याची स्थितिज ऊर्जा कमी होते. निर्वात नळीत स्थिर स्थितीतून निघून तो 100 व्होल्ट ओलांडतो, तेव्हा 100 इलेक्ट्रॉन-व्होल्ट स्थितिज ऊर्जा जाते आणि तेवढीच गतिज मिळते. वेग सेकंदाला सुमारे 6000 किलोमीटर.

दुसरा प्रतिसाद : तारेत मात्र असं ‘वेग वाढतो’ लिहू नका. तिथे इलेक्ट्रॉन धातूच्या आयनांवर आदळत राहतात, सरासरी वेग वाढतच नाही आणि गेलेली स्थितिज ऊर्जा उष्णतेत जाते. गिझर त्यावरच चालतो.

जाता जाता : वीजखात्याच्या भाषेत ‘उच्चदाब वाहिनी’, ‘लघुदाब ग्राहक’ असतात. तिथला ‘दाब’ म्हणजे विभवांतरच. लेख वीजपुरवठ्यावर असेल तर ‘दाब’ बिनधास्त ठेवा, इलेक्ट्रॉनवर असेल तर ‘विभव’.