महिला आरक्षणाला विरोध करणारं ते एकमेव मत: शरद जोशींची राज्यसभेतली नोंद कशी वाचायची?

चांदवडची_लेक

नमस्कार मंडळी. आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एक मेसेज फिरला. ९ मार्च २०१०, राज्यसभा, महिला आरक्षण विधेयक, बाजूने १८६, विरोधात १. आणि तो एक म्हणजे शेतकरी संघटनेचे शरद जोशी. खाली लगेच चुलत दिरांनी लिहिलं, "वहिनी, बघा तुमच्या साहेबांना बायकांची किती काळजी होती ते." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

माझी आई नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली होती. संघटनेचा लाल बिल्ला आजही तिच्या ट्रंकेत आहे. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करायच्या मोहिमेत, वडिलांनी अडीच एकर तिच्या नावावर केली आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. वडील गेल्यावर सोसायटीचं पीककर्ज तिला त्याच अडीच एकरांवर मिळालं, कोणा दिराच्या-पुतण्याच्या सहीसाठी दारात उभं राहावं लागलं नाही. हे सगळं ज्या माणसामुळे झालं, त्याने संसदेत असं मत का द्यावं?

मला भांडायला मुद्दे नकोत. त्यांनी खरंच असं मत दिलं का, दिलं तर कशासाठी, आणि सहा वर्षं खासदार असताना देशाच्या बाकी प्रश्नांवर ते कुठे उभे राहिले, हे समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

जुना_बिल्लेवाला (परभणी)

ताई, मत खरं आहे. नोंदीत आहे, आणि ते लपवायचं काही कारण नाही. साहेबांनीही कधी लपवलं नाही.

आधी ही नोंद झाली कशी ते बघा. आपल्या संसदेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. सभापती विचारतात, "हो"वाले ओरडतात, "नाही"वाले ओरडतात, संपलं. तुमचा खासदार काय ओरडला, की गप्प बसला, की कँटीनमध्ये होता, याचा कागद नसतो. घटनादुरुस्तीचं तसं नाही. तिथे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात, म्हणून मतविभागणी होते आणि एकेक नाव उतरतं. महिला आरक्षण ही घटनादुरुस्ती होती, १०८ वी. म्हणून आज आपल्याला हे नाव दिसतंय. सहा वर्षांतल्या कितीतरी विधेयकांवरचं मत असं दिसणारच नाही.

दुसरं, पक्षादेश. १९८५ साली घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. पक्षाने व्हिप काढला आणि खासदाराने त्याच्या विरुद्ध मत दिलं किंवा मतदानाला दांडी मारली, तर खासदारकी जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तरच वाचतो. त्यामुळे त्या १८६ पैकी किती जण मनापासून "हो" म्हणाले, हे नोंदीवरून कळायला मार्ग नाही. साहेबांचं मात्र कळतं. स्वतंत्र भारत पक्षाचे ते तिथे एकटेच होते, त्यांना व्हिप काढणारं कोणी नव्हतं. २००४ साली ते राज्यसभेवर गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर, आणि या विधेयकाला भाजपचा पाठिंबा होता. ज्यांच्या मतांवर निवडून गेले त्यांच्याही विरुद्ध त्यांनी मत दिलं. म्हणून मी म्हणतो, त्या दिवशीच्या यादीत शंभर टक्के स्वतःचं म्हणता येईल असं मत कुठलं असेल तर ते हेच.

आता कारण. त्यांचा विरोध बाईने संसदेत बसण्याला नव्हता, फिरत्या आरक्षणाला होता. त्या विधेयकात एक तृतीयांश मतदारसंघ राखीव होते, लोकसभेच्या ५४३ चे धरले तर १८१. हे १८१ दर निवडणुकीला बदलणार, तीन निवडणुकांत सगळे मतदारसंघ एकेकदा राखीव होऊन जाणार. म्हणजे आज राखीव जागेवरून निवडून आलेल्या बाईची जागा पुढच्या वेळी खुली, आणि तिच्या शेजारची राखीव. एका निवडणुकीत १८१ जागा सुटणार, दुसऱ्या १८१ लागणार. दोन तृतीयांश मतदारसंघांची गणितं दर पाच वर्षांनी मोडणार. मतदारसंघ बांधायचा कोणी आणि कशासाठी? साहेबांचं म्हणणं असं, की यातून मतदारांशी बांधिलकी असलेल्या बाया तयार होणार नाहीत, पक्षश्रेष्ठी ज्यांना चिठ्ठी देतील त्या तयार होतील.

हे काही त्यांना २०१० साली अचानक सुचलं नव्हतं. ग्रामपंचायतीत राखीव जागांची वाट न बघता सगळ्या जागांवर बायकांचं पॅनल उभं करायचं, हा कार्यक्रम शेतकरी महिला आघाडीने १९८९ च्या सुमारास घेतला होता. तेव्हा पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्तीही झालेली नव्हती. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्या काळात गाजलं. चांदवड, लक्ष्मीमुक्ती आणि हे मत एका ओळीत ठेवून वाचा ताई, तुटक वाटणार नाही. बाईच्या हाती मालकी द्या, बाजार मोकळा करा, सरकारची मेहेरबानी मागू नका, हाच धागा सगळीकडे दिसतो. "भीक नको, हवे घामाचे दाम" म्हणणारा माणूस दुसरं काय करणार होता?

बाकी प्रश्नांवरही तसंच. निवडणूक आयोगाकडे नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९-अ. ज्याला समाजवाद मान्य नाही त्याने खोटं का लिहून द्यावं, म्हणून ती अट काढायला त्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं. जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावर डावे-उजवे दोघंही तुटून पडले होते, तेव्हा हे उघड बाजूने बोलले. जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाच्या वेळी शेतकऱ्याला बियाणं निवडायचा हक्क आहे म्हणून उभे राहिले. यातलं सगळं मला पटलं असं नाही, जागतिक बाजाराबद्दल माझ्या मनात शंका होत्या आणि आहेत. पण हा माणूस चाकणला कांदा आंदोलनात जे बोलला तेच दिल्लीत बोलला.

संगमनेर_सुनंदा

मी स्त्री चळवळीत काम केलंय, चांदवडलाही होते. तरी त्या मताचं समर्थन माझ्याने होत नाही.

फिरत्या आरक्षणात खोट होती, कबूल. त्यावर तेव्हाही पर्याय मांडले जात होते, पक्षांनी उमेदवारीतच एक तृतीयांश बाया द्याव्यात असं काहींचं म्हणणं होतं. पण ८ मार्चला, महिला दिनीच, राज्यसभेत कागद फाडले गेले. दुसऱ्या दिवशी निलंबित केलेल्या सात खासदारांना मार्शल लावून बाहेर काढावं लागलं. विधेयक हाणून पाडायला टपलेल्यांची अशी गर्दी असताना आपल्या माणसाने "नाही" म्हणावं, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं. भाषणात आक्षेप नोंदवून त्यांना तटस्थ राहता आलं असतं. पक्षादेश नव्हता, हे भाऊ तुम्हीच सांगताय. मग मोकळीक होती तर ती तटस्थ राहायलाही होती.

आणि पुढे झालं काय? विधेयक लोकसभेत पडून राहिलं आणि २०१४ ला ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. २०२३ ला पुन्हा विधेयक येईपर्यंत तेरा वर्षं गेली. त्या तेरा वर्षांत ज्या बाया उभ्या राहू शकल्या असत्या, त्यांची नोंद कुठल्याच यादीत नाही.

माजी_सरपंच (निफाड तालुका)

दोघांचं वाचलं. मी फिरत्या आरक्षणातून आलेली आणि त्यातूनच गेलेली बाई आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे सरपंचपदाची सोडत तहसील कार्यालयात निघते. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या टाकतात आणि शाळेतल्या एखाद्या लहान पोराकडून काढतात. त्या पोराने आमच्या गावाची चिठ्ठी काढली, "सर्वसाधारण महिला" निघालं, आणि मी उभी राहिले. ती चिठ्ठी निघाली नसती तर आमच्या घरात माझं नाव कोणी उच्चारलं नसतं. सासऱ्यांनी फॉर्म भरला, कारण दुसरा इलाज नव्हता.

पहिलं वर्ष सह्या करण्यात गेलं. हळूहळू ग्रामसेवकाला दप्तर उघडून दाखवा म्हणायला शिकले. पाणीपुरवठ्याच्या टाकीचं काम माझ्या काळात मंजूर झालं, पाया खोदला, इंजिनिअरने खडीत माती मिसळलीय म्हणून मीच बिल अडवलं. ठेकेदार घरी येऊन सासऱ्यांशी बोलून गेला, तरी सही केली नाही. टाकी अर्धी झाली तोवर मुदत संपली. पुढच्या सोडतीत पद दुसऱ्या प्रवर्गाला गेलं. ज्या वर्षी मला खरं काम कळायला लागलं, त्याच वर्षी घरी बसले. टाकी पुढच्यांनी पूर्ण केली, कशी ते विचारू नका.

त्यामुळे शरद जोशींचा मुद्दा मला पुस्तकातून कळलेला नाही, अंगावर आलेला आहे. तरीही मी त्या सभागृहात असते तर "हो"च म्हटलं असतं. आधी दार उघडू दे, मग किती वेळ आत बसू देता यावर भांडता येतं.

जुना_बिल्लेवाला (परभणी)

सुनंदाताई, तटस्थतेबद्दल तुमचं म्हणणं मी मान्य करतो, तसं त्यांना करता आलं असतं. मात्र त्या मताने विधेयक अडलं नाही, एवढं नोंदवायला हवं. राज्यसभेच्या २४५ चा निम्म्याहून जास्त म्हणजे १२३, मत देणारे १८७, त्यांचे दोन तृतीयांश १२५. बाजूने १८६ होते. विधेयक अडलं ते लोकसभेत, आणि तिथे तर मतदानच झालं नाही. कोणी अडवलं याची नोंद नाही, कारण मतदानच नाही. माझा राग त्यांच्यावर जास्त आहे.

सरपंचताई, तुमच्या टाकीची गोष्ट साहेबांनी ऐकायला हवी होती.

एक गोष्ट राहिली. २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत हेच आरक्षण ४५४ विरुद्ध २ ने मंजूर झालं. त्या दोघांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील, दुसरे त्यांचे पक्षनेते असदुद्दीन ओवेसी. ओबीसी आणि मुस्लिम महिलांना वेगळा वाटा नाही, म्हणून त्यांचा विरोध. म्हणजे महाराष्ट्रातून गेलेल्या दोन खासदारांनी तेरा वर्षांच्या अंतराने "नाही" म्हटलं. एकाला आरक्षणाची पद्धतच मान्य नव्हती, दुसऱ्याला आतमध्ये आणखी आरक्षण हवं होतं. आकड्यांच्या यादीत दोघं सारखेच दिसतात. आणि २०२३ च्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला फिरत नाहीत, मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतील असं लिहिलंय. साहेबांचा २०१० चा आक्षेप पूर्ण सुटला नाही, पण त्याची धार कमी झाली.

चांदवडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती सरपंचताईंच्या बाजूची निघाली. म्हणाली, "मी असते तर हात वर केला असता, आणि नंतर साहेबांशी भांडले असते."

ग्रुपवर मी लिहिलंय की मत खरं आहे, आणि खाली कारण लिहिलंय. दिरांनी अजून उत्तर दिलं नाही. भाऊ, ९ मार्च २०१० चं राज्यसभेचं कामकाज संकेतस्थळावर तारखेने शोधलं तर भाषण आणि मतविभागणीची यादी दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात का? आईला साहेबांचं पूर्ण भाषण ऐकायचंय. इंग्रजीत असलं तर मी तिला बसून सांगेन.

जुना_बिल्लेवाला (परभणी)

तारखेनेच शोधा ताई. त्या दिवसाचं कामकाज एकत्र असतं, मतविभागणीची नावं चर्चेच्या शेवटी येतात. नाही सापडलं तर इथेच लिहा, बघू आपण.